इन्यो काउंटी : मोजक्या माणसांचा मुलूख पाहताना

अमेरिकेतील ‘काउंटी’ हा शब्द मराठीत सहसा ‘जिल्हा’ असा समजून घेतला जातो आणि प्रशासनाच्या दृष्टीने ते फारसे चूकही नाही, कारण राज्याच्या खालोखालचा हा घटक असून न्यायालय, जमिनीच्या नोंदी, करआकारणी आणि ‘शेरीफ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, लोकांनी निवडून दिलेल्या पोलीसप्रमुखाचे कार्यालय या गोष्टी काउंटीच्या मुख्य ठिकाणी असतात. तथापि जिल्हा म्हटल्यावर बाजारपेठा, एसटी स्थानके आणि दर चार-पाच किलोमीटरला लागणारी गावे असे जे चित्र मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर येते, ते कॅलिफोर्नियाच्या पूर्व सीमेवरील इन्यो काउंटीला लावले तर प्रवासाचे सगळेच गणित चुकते. सुमारे २६,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्रातील सर्वांत मोठ्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या जवळपास दीडपट क्षेत्रफळाच्या या काउंटीत २०२०च्या जनगणनेत १९,०१६ माणसे मोजली गेली; दर चौरस किलोमीटरला सरासरी एक माणूसही येत नाही. अलास्का आणि हवाई वगळून उरणाऱ्या अठ्ठेचाळीस राज्यांतील सर्वांत उंच शिखर माउंट व्हिटनी (४,४२१ मीटर) या काउंटीच्या पश्चिम सीमेवर आहे आणि संपूर्ण उत्तर अमेरिकेतील सर्वांत खोल जमीन, म्हणजे समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली असलेले बॅडवॉटर, हेही याच काउंटीत, त्या शिखरापासून सरळ रेषेत सुमारे १३६ किलोमीटरांवर आहे.

लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्कोचा परिसर किंवा लास व्हेगास येथे स्थायिक झालेल्या मुलांकडे उन्हाळ्यात राहायला जाणाऱ्या मराठी आईवडिलांच्या सहलींत योसेमिटी आणि ग्रँड कॅन्यन ही नावे हटकून असतात. इन्योच्या वाट्याला येते ती बहुधा लास व्हेगासहून निघून अर्ध्या दिवसात उरकलेली डेथ व्हॅलीची फेरी, आणि तीही जून-जुलैत, म्हणजे जेव्हा तिथे जाऊ नये नेमकी तेव्हा. हा मुलूख नीट पाहायचा असेल तर आधी तिथली लोकसंख्या वाचावी आणि मग प्रेक्षणीय स्थळांकडे वळावे. माणसे कुठे आहेत यावरून पेट्रोल, दवाखाना आणि मोबाइलचे जाळे कुठे मिळेल ते कळते, आणि माणसे कुठे नाहीत व का नाहीत यावरून इथला निसर्ग आज असा का दिसतो ते उमगते.

काउंटीचा पश्चिम काठ सिएरा नेवाडा या पर्वतरांगेचा आहे. तिच्या पायथ्याशी ओवेन्स नदीचे अरुंद, उत्तर-दक्षिण पसरलेले खोरे, खोऱ्याच्या पलीकडे व्हाइट आणि इन्यो हे डोंगर, आणि त्यांच्याही पूर्वेला एकामागून एक कोरड्या दऱ्या, ज्यांत सर्वांत खोल ती डेथ व्हॅली. वस्ती जवळजवळ सगळी ओवेन्स खोऱ्यातून जाणाऱ्या ३९५ क्रमांकाच्या महामार्गावर आहे आणि उत्तरेकडून बिशप, बिग पाइन, इंडिपेंडन्स व लोन पाइन अशी चार गावे त्यावर ओळीने लागतात. स्वतःची नगरपालिका असलेले शहर एकच, ते बिशप, आणि त्याची लोकसंख्या ३,८१९; हद्दीलगतच्या वसाहती आणि बिशप पायूट जमातीची राखीव भूमी धरली तर काउंटीतील निम्म्याहून अधिक लोक या एका टोकाला राहतात. काउंटीचे मुख्य ठिकाण मात्र बिशप नसून इंडिपेंडन्स आहे, आणि तिथे २०२०मध्ये ५९७ माणसे होती. जिल्ह्याचे ठिकाण म्हणून तिथे सगळे काही मिळेल अशा समजुतीने जो थांबेल त्याला एक देखणे न्यायालय, ईस्टर्न कॅलिफोर्निया म्युझियम हे छोटे पण नेटके संग्रहालय आणि ‘द लँड ऑफ लिटल रेन’ (१९०३) या पुस्तकाच्या लेखिका मेरी ऑस्टिन यांचे जतन केलेले घर दिसेल. आठवड्याचा किराणा मात्र बिशपलाच भरून घ्यावा लागेल. लोन पाइनची वस्ती २,०१४, आणि डेथ व्हॅलीकडे पश्चिमेच्या बाजूने जाणाऱ्याला लागणारे खऱ्या अर्थाने शेवटचे गाव तेच.

या तुरळक वस्तीतही बरीच विविधता आहे. दर दहा रहिवाशांत एकाहून अधिक जण मूळ अमेरिकन, म्हणजे युरोपीय लोक येण्यापूर्वीपासून इथे असलेल्या पायूट आणि शोशोनी जमातींचे आहेत, आणि बिशप, बिग पाइन, फोर्ट इंडिपेंडन्स, लोन पाइन व टिंबिशा या पाच जमातींना केंद्र सरकारची स्वतंत्र मान्यता आहे. पाचांत एकाहून अधिक जण स्पॅनिशभाषक देशांशी नाते सांगणारे आहेत. एकूण आकडा चाळीस वर्षांत फारसा हललेला नाही: १९८०मध्ये १७,८९५ आणि २०२०मध्ये १९,०१६. कॅलिफोर्नियासारख्या फुगत गेलेल्या राज्यात एखादी काउंटी अशी जागच्या जागी राहते, तेव्हा त्याला केवळ वाळवंट हे कारण पुरेसे नसते, कारण वाळवंटात शहर वसू शकते हे शेजारच्या लास व्हेगासने दाखवूनच दिले आहे.

पहिले कारण भूगोलाचे आहे. पर्जन्यछाया हा शब्द शाळेपासून मराठी वाचकांच्या परिचयाचा आहे. सह्याद्रीमुळे माणदेशाला जे भोगावे लागते तेच, पण कितीतरी पटींनी अधिक, सिएरा नेवाडामुळे इन्योला भोगावे लागते. पॅसिफिक महासागरावरून येणारे बाष्पयुक्त वारे ही चार हजार मीटरांची भिंत चढताना आपले पाणी पश्चिम उतारावर आणि माथ्यावर बर्फाच्या रूपाने टाकून देतात आणि पूर्वेला उतरताना कोरडे होतात, त्यामुळे डेथ व्हॅलीत वर्षाला जेमतेम पाच सेंटिमीटर पाऊस पडतो. मात्र माथ्यावरचे हेच बर्फ वितळून पूर्वेकडेही ओढे वाहतात, ते ओवेन्स नदीला मिळतात आणि समुद्राकडे वाट नसल्यामुळे नदी खोऱ्याच्या दक्षिण टोकाला ओवेन्स सरोवरात संपत असे. पायूट लोक या खोऱ्याला ‘पायाहूनाडू’, म्हणजे वाहत्या पाण्याची भूमी, म्हणतात आणि पाट काढून ते रानातल्या खाद्य वनस्पतींना पाणी देत असत. कोरड्या मुलखाला दिलेले हे नाव त्यामुळे मुळीच विसंगत नाही.

दुसरे कारण माणसांनी घडवलेले आहे. १८६०च्या दशकात गुरे घेऊन वसाहतवाले आले, पायूटांशी संघर्ष झाला, ४ जुलै १८६२ रोजी लष्कराने ठाणे उभारले (इंडिपेंडन्स हे नाव अमेरिकेच्या त्या स्वातंत्र्यदिनावरूनच पडले) आणि १८६३मध्ये सुमारे हजार पायूटांना पायी चालवत दूर फोर्ट तेहोनला नेण्यात आले. पुढे वसाहतवाल्यांची शेती बहरली, तोच तीनशेहून अधिक किलोमीटरांवरच्या लॉस एंजेलिसची नजर या पाण्यावर गेली. १९०५पासून शहराच्या वतीने खोऱ्यातील जमिनी त्यांच्या पाणीहक्कांसह विकत घेण्यात आल्या आणि अभियंता विल्यम मुल्हॉलंड यांच्या देखरेखीखाली बांधलेली २३३ मैल, म्हणजे सुमारे ३७५ किलोमीटर लांबीची जलवाहिनी ५ नोव्हेंबर १९१३ रोजी सुरू झाली. एकही पंप न लावता, निव्वळ उताराच्या बळावर पाणी शहरात पोहोचते. अभियांत्रिकी म्हणून ते अजोडच आहे. खोऱ्यासाठी मात्र त्याचा हिशेब वेगळा निघाला. १९२४मध्ये चिडलेल्या शेतकऱ्यांनी अलाबामा गेट्स येथील जलवाहिनीचे दरवाजे ताब्यात घेऊन पाणी सोडून दिले, पण वाद शेतकरीच हरले. १९२६पर्यंत ओवेन्स सरोवर आटले, आणि जनगणनेच्या तक्त्यातही हे उमटले: १९२०मध्ये ७,०३१ असलेली काउंटीची लोकसंख्या १९३०मध्ये ६,५५५ झाली.

आज काउंटीतील नव्वद टक्क्यांहून अधिक जमीन केंद्र सरकारची आहे, खोऱ्याच्या तळातील सुमारे अडीच लाख एकर लॉस एंजेलिस शहराच्या पाणी व वीज विभागाची आहे आणि खासगी मालकीची जमीन दोन टक्क्यांहूनही कमी आहे. घर बांधायला जागाच नाही, मग गाव वाढणार कसे? इन्योत निसर्ग राखला गेला असे पर्यटनपत्रकांत वाचायला मिळते. वस्ती होऊ दिली गेली नाही असे म्हणणे अधिक खरे ठरेल. लॉस एंजेलिसमध्ये मुलाच्या घरी नळाखाली तांब्या भरताना त्यातले काही पाणी याच खोऱ्यातून आलेले असते, हे तिथून इन्योला निघणाऱ्याने ध्यानात ठेवले तर महामार्गाच्या कडेने दिसणारे ओसाड माळ आणि मधूनच लागणारे काँक्रीटचे कालवे त्याला वेगळे दिसतील.

आटलेल्या ओवेन्स सरोवराचा पांढरा, कुठे कुठे क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे गुलाबी दिसणारा तळ लोन पाइनच्या दक्षिणेला रस्त्यावरूनच दिसतो. वाऱ्याच्या दिवशी या तळावरून उडणारी धूळ अनेक वर्षे अमेरिकेतील सूक्ष्म धूलिकणांचा सर्वांत मोठा एकच स्रोत मानली जात होती; न्यायालयीन लढ्यांनंतर शहराला तळावर उथळ पाणी सोडणे, खडी पसरणे आणि गवत लावणे यांवर दोन अब्ज डॉलरहून अधिक खर्च करावा लागला. त्या उथळ पाण्यावर स्थलांतर करणारे किनारपक्षी हजारोंनी उतरू लागले आहेत आणि एप्रिलमध्ये दुर्बीण घेऊन गेलेल्या पक्षिप्रेमीचा वेळ वाया जात नाही. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी मात्र जोराचे वारे सुटल्याच्या दिवशी इथे उतरू नये.

लोन पाइन आणि इंडिपेंडन्स यांच्यामध्ये, महामार्गाच्या अगदी कडेला, मँझनार हे राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. निसर्गस्थळांच्या यादीत ते बसत नाही, पण या काउंटीची लोकसंख्या समजून घ्यायची तर ते वगळून चालत नाही. मँझनार म्हणजे स्पॅनिशमध्ये सफरचंदाची बाग. १९१०च्या सुमारास इथे फळबागायतदारांचे गाव वसले आणि १९२०च्या दशकात लॉस एंजेलिसने जमिनी घेतल्यावर ते उठले. पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर १९४२मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या आदेशाने पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या लोकांना, ज्यांतील सुमारे दोन तृतीयांश जन्माने अमेरिकी नागरिक होते, घरेदारे सोडायला लावून ज्या दहा छावण्यांत कोंडण्यात आले, त्यांपैकी एक या उजाड जागी उभी राहिली. काटेरी तारेच्या आत, जेमतेम एक चौरस मैलाच्या जागेत, दहा हजारांहून अधिक माणसे ठेवण्यात आली. १९४०च्या जनगणनेत संपूर्ण इन्योची लोकसंख्या ७,६२५ होती, म्हणजे छावणीतील बंदिवान काउंटीच्या सगळ्या रहिवाशांपेक्षा संख्येने जास्त झाले. जेवणासाठी रांगेत ताटकळणाऱ्यांच्या नजरेला काही विसावा मिळावा म्हणून बंदिवानांनी भोजनगृहांशेजारी दगड आणि पाणी यांच्या लहान बागा रचल्या होत्या. वाळूखाली गाडल्या गेलेल्या त्या बागांची कोरडी तळी आणि त्यांवरचे सिमेंटचे काठ आता उकरून मोकळे केले आहेत. बंदिवानांनीच १९४४मध्ये बांधलेल्या सभागृहात संग्रहालय आहे, प्रवेश विनामूल्य आहे, आणि दोन तास हाताशी ठेवूनच इथे उतरावे.

डेथ व्हॅलीविषयी मराठीत लिहिले जाते ते बहुधा तापमानाच्या विक्रमापुरते. १० जुलै १९१३ रोजी फर्नेस क्रीक येथे ५६.७ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले आणि जागतिक हवामान संघटनेच्या लेखी तो आजही जगातील उच्चांक आहे, जरी काही हवामानतज्ज्ञ त्या नोंदीवर शंका घेत असले तरी. या उष्णतेचे कारण खोऱ्याच्या घडणीत आहे. ही खचदरी आहे, म्हणजे जमिनीतील भेगांच्या दरम्यानचा भाग खाली खचून झालेली दरी. पश्चिमेला टेलिस्कोप शिखर ३,३६८ मीटरांपर्यंत चढते आणि तळ समुद्रसपाटीच्या खाली जातो, त्यामुळे तळाशी तापलेली हवा वर चढली तरी दोन्ही बाजूंच्या भिंतींमुळे बाहेर न पडता पुन्हा खाली येते आणि दाबली जाऊन आणखी तापते. जुलैत दुपारचे सरासरी तापमान ४७ अंशांच्या आसपास असते. उन्हाळ्यात सकाळी दहानंतर सखल भागात पायी फिरू नये अशी उद्यानाचीच सूचना आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष केल्यामुळे माणसे दगावल्याच्या घटना घडल्या आहेत. विदर्भातल्या उन्हाची सवय असल्याचा अभिमान इथे उपयोगी पडत नाही, कारण कोरड्या हवेत घाम अंगावर दिसतच नाही आणि शरीरातले पाणी किती गेले हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

हे ‘मृत्यूचे खोरे’ म्हणजे निर्मनुष्य जागा, ही समजूतही चुकीची आहे. १८४९मध्ये सोन्याच्या शोधात निघून वाट चुकलेल्या लोकांनी ते नाव दिले. टिंबिशा शोशोनी जमात त्यापूर्वी कितीतरी काळ इथे राहत होती. १९३३मध्ये राष्ट्रीय स्मारक आणि १९९४मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेल्या या सुमारे चौतीस लाख एकरांत आपल्या पूर्वजांच्या भूमीचा अधिकृत तुकडा या जमातीला मिळण्यासाठी २००० साल उजाडावे लागले. त्यांची राहणी प्रवाशाने उचलावी अशी आहे: हिवाळ्यात खोऱ्याच्या तळाशी आणि उन्हाळ्यात डोंगरावर. इन्योच्या प्रवासाचे याहून चांगले वेळापत्रक कुणाला आखता आलेले नाही.

नोव्हेंबर ते मार्च या काळात गेलेल्या प्रवाशाला डेथ व्हॅलीत दोन पूर्ण दिवस हवेत. झॅब्रिस्की पॉइंट येथील पिवळ्या-तपकिरी मातीच्या घड्या सूर्योदयाच्या वेळी पाहाव्यात, कारण उन्हं वर आली की त्या सपाट वाटू लागतात; १,६६९ मीटर उंचीवरच्या दान्तेज व्ह्यूवरून खाली पाहिल्याशिवाय बॅडवॉटरचा विस्तार समजत नाही, म्हणून आधी वर जावे आणि मग खाली उतरावे. बॅडवॉटरला गाडी उभी करून बहुतेक जण लाकडी फळ्यांच्या वाटेवर छायाचित्र काढून परततात. त्याऐवजी अर्धा तास सरळ मिठावर चालत जावे. पायाखालच्या मिठाचे षट्कोनी-पंचकोनी तुकडे पडलेले असतात आणि प्रत्येक तुकड्याच्या कडा बोटभर उंच उचललेल्या असतात; जमिनीखालचे खारे पाणी भेगांतून वर येते, वाळते आणि मिठाचे कण एकावर एक साचून ही कड वाढत जाते. मागे वळून कड्याकडे पाहिले तर वर, माणसाच्या उंचीच्या पन्नासपट वर, समुद्रसपाटी दाखवणारी एक पांढरी पाटी दिसते. टाकणखार हा शब्द ज्यांना आजीच्या बटव्यातून किंवा सोनाराच्या दुकानातून माहीत आहे, त्यांनी फर्नेस क्रीकजवळचा हार्मनी टाकणखार कारखान्याचा अवशेषही पाहावा; १८८३ ते १८८८ या काळात इथला टाकणखार वीस जनावरे जुंपलेल्या गाड्यांतून २६५ किलोमीटर दूरच्या रेल्वे स्थानकापर्यंत नेला जाई आणि या भल्यामोठ्या तांड्यांचे नावच पुढे त्या मालाची ओळख बनले.

रेसट्रॅक प्लाया या सपाट मातीच्या मैदानावर आपोआप सरकणारे दगड हे बहुतेकांचे मोठे आकर्षण असते. दगडांमागे उमटलेल्या लांबच लांब रेघांचे कोडे डिसेंबर २०१३मध्ये संशोधकांनी प्रत्यक्ष पाहून सोडवले: थंडीत साचलेल्या उथळ पाण्यावर बर्फाचा पातळ थर धरतो, उन्हाने तो तुटला की मंद वाऱ्याने त्याची तावदाने सरकतात आणि ओल्या चिखलावरचे दगड ती पुढे ढकलतात. हे कोडे वाचून समाधान मानावे आणि भाड्याची गाडी घेऊन तिथे जाऊ नये, हेच इथे सुचवावेसे वाटते, कारण शेवटचे त्रेचाळीस किलोमीटर धारदार खडीचा कच्चा रस्ता आहे, टायर फुटणे ही तिथली नेहमीची बाब आहे, मोबाइल चालत नाही, आणि भाड्याच्या गाडीच्या करारात कच्च्या रस्त्यावरचे नुकसान बहुधा विम्यात धरलेले नसते.

उन्हाळ्यातच जाणे भाग असेल तर डोंगर गाठावा, आणि इन्योत एकच जागा पाहायची असेल तर ती व्हाइट डोंगरावरील ब्रिसलकोन पाइन या वृक्षांचे प्राचीन अरण्य असावी. बिग पाइन गावातून १६८ क्रमांकाच्या रस्त्याने चढून शुलमन ग्रोव्हपर्यंत डांबरी सडक आहे आणि साधारणपणे मेच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत ती खुली असते. एडमंड शुलमन या वृक्षवलय-अभ्यासकाने १९५७मध्ये इथल्या एका झाडाचे वय मोजले तेव्हा ते साडेचार हजार वर्षांहून अधिक निघाले. ‘मेथुसेला’ या नावाने ओळखले जाणारे ते झाड आता ४,८०० वर्षांपलीकडे गेले आहे आणि उपद्रव होऊ नये म्हणून त्याची नेमकी जागा वनखाते जाहीर करत नाही. दीर्घायुष्याचे कारण सुखवस्तूपणा नव्हे. डोलोमाइट या चुनखडकाच्या जातीच्या निकस, पांढुरक्या जमिनीत दुसरी झाडे तग धरत नाहीत, त्यामुळे वणवा पसरायला रान नसते. थंडी आणि कोरडेपणामुळे वाढ इतकी सावकाश होते की लाकूड दाट, राळेने भरलेले बनते आणि कीड किंवा कुजणे त्याला सहजी लागत नाही. जवळून पाहिले तर बुंध्याचा बहुतांश भाग मेलेला, वाऱ्याने घासून गुळगुळीत झालेला असतो आणि हातभर रुंदीची जिवंत सालीची एक पट्टी एखाद्याच हिरव्या फांदीला पोसत असते. मेलेली खोडेही हजारो वर्षे जमिनीवर तशीच पडून राहतात, आणि त्यांची वलये जिवंत झाडांच्या वलयांशी जुळवून संशोधकांनी नऊ हजार वर्षांहून मागे जाणारा कालक्रम तयार केला. कार्बन-१४ पद्धतीने निघणारी वर्षे, मग ती इनामगावच्या उत्खननातील कोळशाची असोत की युरोपातील महापाषाणांची, खऱ्या वर्षांत बदलण्यासाठी वृक्षवलयांचा आधार लागतो, आणि त्या कामाचा पाया घालण्यात या डोंगरावरच्या वाकड्यातिकड्या झाडांचा मोठा वाटा होता.

शुलमन ग्रोव्ह तीन हजार मीटरांहून अधिक उंचीवर आहे आणि खालून तासाभरात तिथे पोहोचता येते, म्हणजे शरीराला विरळ हवेची सवय व्हायला वेळच मिळत नाही. रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्या ज्येष्ठांनी डॉक्टरांना आधी विचारावे, वर पोहोचल्यावर पंधरा-वीस मिनिटे बसून राहावे आणि सुमारे दीड किलोमीटरची छोटी पायवाटच निवडावी. पाणी व खाद्यपदार्थ बरोबर न्यावेत, पेट्रोल बिग पाइनलाच भरावे. वाटेवर पडलेल्या लाकडाचा तुकडा आठवण म्हणून उचलू नये. तो कायद्याने गुन्हा तर आहेच, शिवाय तो तुकडा इसवी सनापूर्वीचा असू शकतो.

माउंट व्हिटनीविषयी मोजकेच सांगणे पुरे. शिखराची वाट जाऊन-येऊन पस्तीस किलोमीटर आहे, चढाई जवळपास एकोणीसशे मीटरांची आहे, मे ते ऑक्टोबर या काळासाठी रोज ठरावीक लोकांनाच परवाना मिळतो आणि त्याची सोडत फेब्रुवारीत अर्ज करणाऱ्यांमधून निघते. सह्याद्रीतले गड चढण्याचा सराव पायांना उपयोगी पडतो, फुप्फुसांना नाही. बाकीच्यांनी लोन पाइनहून एकवीस किलोमीटर गाडीने व्हिटनी पोर्टलपर्यंत जावे, ओढ्याकाठी पाइनच्या सावलीत डबा खावा आणि परतताना अलाबामा हिल्सच्या गोल गुळगुळीत खडकांत संध्याकाळ घालवावी. हॉलिवूडने ‘गंगा दिन’ (१९३९) या चित्रपटासाठी हिंदुस्थानचा वायव्य सरहद्द प्रांत याच खडकांत उभा केला होता, आणि सात दशकांनी ‘आयर्न मॅन’साठी अफगाणिस्तानही इथेच सापडला; लोन पाइनच्या चित्रपट संग्रहालयात या साऱ्याचे अवशेष मांडलेले आहेत. बिशपच्या पश्चिमेला साउथ लेक आणि लेक सब्रिना या तलावांकडे जाणाऱ्या दरीत सप्टेंबरअखेरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ॲस्पेनची झाडे पिवळीधमक होतात, आणि वर्षातला हाच काळ असा आहे की डोंगरावरचे रस्ते बहुधा अजून खुले असतात व डेथ व्हॅलीतली दुपारही निदान पहाटे-संध्याकाळी फिरून टाळता येते. एकाच फेरीत वर आणि खाली दोन्ही पाहायचे असेल तर ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा गाठावा.

निघण्याच्या दिवशी सकाळी डेथ व्हॅली उद्यानाच्या संकेतस्थळावर रस्त्यांची स्थिती पाहावीच. २० ऑगस्ट २०२३ रोजी हिलरी वादळाच्या अवशेषांनी फर्नेस क्रीकला एका दिवसात वर्षभराच्या सरासरीहून अधिक पाऊस दिला, सगळे उद्यान सुमारे दोन महिने बंद राहिले आणि बॅडवॉटरच्या मिठावर तात्पुरते तळे साचले. नकाशे मोबाइलवर आधीच उतरवून ठेवावेत, शिवाय कागदी नकाशाही घ्यावा, कारण वाट दाखवणारी यंत्रे इथे जवळचा म्हणून कच्चा रस्ता सुचवतात. उद्यानात पेट्रोल दोन-तीन ठिकाणी मिळते, पण महाग. दरमाणशी दररोज किमान चार लिटर पाणी गाडीत असावे. शाकाहारी मंडळींनी बिशप किंवा लोन पाइनहून फळे, पाव, सुका खाऊ घेऊन निघावे, आणि रुग्णालये याच दोन गावांत आहेत हे घरातल्या एकाला तरी पाठ असावे. कोरड्या दरीत गाडी बंद पडली तर पुढची गाडी यायला कित्येक तास लागू शकतात. अशा वेळी मदतीच्या शोधात चालत निघू नये, गाडीच्या सावलीतच थांबावे: शोधपथकाला एकट्या माणसापेक्षा रस्त्यावरची गाडी कितीतरी लवकर दिसते.